फक्त हाताकडे बघ

मी मूळचा तासगावचा. आईवडिलांबरोबर अमेरिकेत गेलो आणि एकविसाव्या वर्षी तिथल्या आर्मीत भरती झालो. २०१२च्या हिवाळ्यात जर्मनीला पोस्टिंग झालं. न्युरेम्बर्गपासून तासाभरावर, जंगलात आमचा बेस होता. सैन्य म्हटलं की लोकांना बंदूक दिसते. आमचं युनिट सपोर्टचं. जेवण, डिझेल, दुरुस्ती. माझं काम रिकव्हरी, म्हणजे अडकलेली गाडी मोठ्या क्रेनट्रकने ओढून काढायची.

माझा वरिष्ठ स्टाफ सार्जंट वेल्च, केंटकीचा. ‘शिंत्रे’ हे नाव त्याने दोन दिवसांत नीट शिकून घेतलं. बाकीच्यांना ते शेवटपर्यंत जमलं नाही. रविवारी मी न्युरेम्बर्गला मावसबहिणीकडे, ज्योतीताईकडे जायचो. पुढे तोही येऊ लागला. ताई मराठीत बोलायची, तिची सहा वर्षांची इरा जर्मनमध्ये उत्तर द्यायची आणि वेल्चला दोन्हीतलं काही येत नव्हतं. तरी इराला पत्ते खेळायला तोच लागायचा. ती ‘नाइन, नाइन’, म्हणजे जर्मनमध्ये ‘नाही, नाही’, म्हणून चिडली की तो मुकाट्याने आपलं पान परत घ्यायचा. एकदा परतीच्या ट्रेनमध्ये म्हणाला, घर सोडल्यापासून ‘अजून वाढू का’ असं त्याला कोणी विचारलंच नव्हतं.

जानेवारीत एका सकाळी ०६:४० ला रेडिओवर कॉल आला. आमचा एक सप्लाय ट्रक बर्फावरून घसरून उतारावर एका झाडाला अडकला होता. ड्रायव्हरचा पाय आत दबला होता. खाली ओढा होता. ट्रक बांधून धरल्याशिवाय मेडिक आत जाऊ शकत नव्हते.

०७:०५ ला पोचलो. वेल्च केबल घेऊन खाली उतरला आणि ट्रकच्या मागे हुक लावला. केबल तुटली तर जीव जाऊ शकतो, म्हणून नियमाप्रमाणे त्याने लगेच लांब जायला हवं होतं. पण वर क्रेनट्रकवर, केबल ओढणाऱ्या विंचपाशी बसून मला खालचं काहीच दिसत नव्हतं. तो ट्रकशेजारीच, मला दिसेल असा उभा राहिला.

“माझ्याकडे बघू नकोस, शिंत्रे,” तो रेडिओवर म्हणाला. “फक्त हाताकडे बघ.”

केबल ताणली गेली. झाड कडाडलं आणि ट्रक हातभर खाली सरकला. मला थांबावंसं वाटलं. त्याचा हात मात्र एकच सांगत होता, ओढ. मी ओढत राहिलो. केबल टिकली.

०७:५० ला ड्रायव्हर बाहेर आला. पाय वाचला. वेल्च वर आला, हातमोजे काढले आणि थर्मासमधली कॉफी मला ओतायला सांगितली. “गुड पुल,” एवढंच म्हणाला.

उन्हाळ्यात आमच्या बटालियनची एक तुकडी अफगाणिस्तानला गेली. यादीत वेल्च होता, मी नव्हतो. तिथे रस्त्यावर बंद पडलेली गाडी काढताना स्फोटात तो गेला. मी ताईला फोन केला. तिने विचारलं, त्याची आई आहे का रे?

बेसच्या चॅपेलमध्ये फर्स्ट सार्जंटने हजेरी घेतली. गेलेल्याचंही नाव पुकारायची आमच्यात रीत आहे.

“स्पेशालिस्ट शिंत्रे.”

“हिअर, फर्स्ट सार्जंट.”

“स्टाफ सार्जंट वेल्च.”

कोणी बोललं नाही.

“स्टाफ सार्जंट टोबायस वेल्च.”

मी समोर बघत उभा होतो. तिसऱ्यांदा पूर्ण नाव घेतात.

“स्टाफ सार्जंट टोबायस जेम्स वेल्च.”

त्याचं मधलं नाव मला तेव्हा कळलं.