जोह्याची विजेवरची फेरी

डेपोत दोन माणसं चहाला उभी राहिली की विजेच्या गाडीचा एखादा किस्सा निघतोच. खरंखोटं मिसळून त्यांची पार भेळ झालीय. मी सांगते ते खरं, कारण त्या गाडीची कंडक्टर मीच होते.

गाडी पेणला ट्रायलला आलेली. रोह्याला जाऊन यायची, मग जोहे गावाच्या दोन फेऱ्या. जोह्याची जुनी गाडी भंगारात गेल्यापासून तिकडची फेरी बंदच होती. ट्रायलचे साहेब हो म्हणाले तर फेरी कायमची. वाटेत एकदा जरी बंद पडली तर गाडी परत, असं त्यांनी पहिल्याच दिवशी बजावलं. वर स्वतः रोज गाडीत बसायचे.

*

ड्रायव्हर नाना रोह्याचे. उभा जन्म गिअर टाकण्यात गेलेला. या गाडीला गिअरच नाही, तरी चढ आला की नानांचा डावा हात आपोआप खाली जायचा आणि हवेत चाचपडायचा. साहेबांनी विचारलं, काय शोधताय? नाना म्हणाले, सवय. मग हळूच मला विचारलं, "हात मांडीखाली दाबून बसू काय गो?"

*

जोह्याच्या वाटेवर हमरापूरला रस्त्याच्या कडेला एक जण पाठमोरा बसून गणपतीचे डोळे काढत होता. मूर्ती पार रस्त्यात आलेली. आमच्या गाडीला आवाज नाही, त्याला पत्ता नाही. साहेब म्हणाले, हॉर्न मारा. नानांनी गाडी उभी केली आणि हाताची घडी घालून बसले. साहेब लालबुंद.

"साहेब, आता हॉर्न मारला तर देव तिरळा होईल," नाना म्हणाले.

दुसरा डोळा पुरा झाल्यावरच आम्ही हललो. उशिराची बोलणी मात्र मला बसली.

*

मग एसीची भानगड. जोह्याच्या सुगंधाआत्या मूर्ती रंगवतात. त्यांनी शोध लावला की एसीत रंग लवकर सुकतो. झालं! निम्मं गाव ओले गणपती मांडीवर घेऊन पहिल्या फेरीला पेणला यायचं आणि न उतरता दुसरीने परत जायचं. तिकिटं चोख काढायचे हां. साहेब प्रवासी बघून खूश, बॅटरी बघून गप्प. मी आत्यांवर डाफरले, तर म्हणाल्या, गाडी गार होतेच आहे, आमच्या देवांनी घेतली थोडी हवा तर तुझं काय जातं?

*

शेवटचा दिवस. रोह्याहून येताना हायवेला गाड्यांची ही रांग, आणि जोह्याची पहिली फेरी करून पेणला पोचलो तर डेपोत लाईट गेलेली. चार्जिंग नाही. साहेब म्हणाले, टाइमटेबल म्हणजे टाइमटेबल, काढा गाडी.

गाडी खच्चून भरलेली. हमरापूर सोडलं आणि बॅटरीचा लाल दिवा लागला. नाना म्हणाले, एसी बंद केला तर कदाचित पोचू. मी आत्यांकडे बघितलं. त्यांच्या मांडीवरचा गणपती त्याच संध्याकाळी गिऱ्हाइकाला द्यायचा होता, आणि रंग अजून ओला.

"बंद कर," आत्या म्हणाल्या. "देवाला घाम आला तर येऊ दे. गाडी थांबता कामा नाय."

एसी गेला. खिडक्यांच्या काचांवर वाफ धरली, बाहेरचं काही दिसेना.

आणि गाडी थांबली.

हिला मुळात आवाजच नाही, त्यामुळे थांबवली की बंद पडली, कळायला मार्ग नाही. मागे कुणीतरी मुसमुसायला लागलं. खरं सांगते, मलाही रडू फुटलं.

नानांनी दार उघडलं. "जोहे."

कुणी जागचं हलेना. साहेब म्हणाले, अहो पोचलो, उतरा आता.

आत्या गणपती घट्ट धरून बसलेल्या. "आधी सांगा सायेब, उद्या गाडी हाय का नाय?"

साहेबांनी सगळ्या गाडीवरून नजर फिरवली. रुमाल काढून घाम पुसला.

"सकाळची पहिली कितीला लागते तुम्हाला?"