हाक विंगेतून द्यायची होती

ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला, डिसेंबरातल्या एका शनिवारी संध्याकाळी, वाशीतल्या आमच्या कॉलेजच्या स्नेहसंमेलनात माझ्या आईची हाक रंगमंचावर मारली गेली. सभागृह हसलं. आई तिसऱ्या रांगेत बसली होती.

मी विंगेत होते. एकांकिकेची प्रॉम्प्टर. हातात संहिता. संहितेत ती हाक नव्हती.

एकांकिका विनोदी होती. दारुडा नवरा, भांडखोर बायको, गावात आलेला शहाणा साहेब. बायकोचं काम नीता करत होती. नवरा तिच्या मागे बाजेखाली लपलेला. नीता पुढं आली आणि थांबली. मला वाटलं, विसरली. मी पुढचं वाक्य कुजबुजले. तिनं माझ्याकडे बघितलंही नाही. कपाळाशी हात धरला, लांब बघितल्यासारखं केलं आणि नवऱ्याला हाक मारली. जेवायला ये म्हणून.

शब्द आईचे. हेल आईचा. शेवटचं अक्षर लांबवायची रीतही तिचीच.

बाजेखालून नवऱ्यानं घोरून उत्तर दिलं. मागून कुणीतरी ओरडलं, "वन्स मोर!" नीतानं पुन्हा हाक मारली. पहिल्या रांगेत प्राचार्य रुमालानं डोळे पुसत होते. हसून पाणी आलं होतं.

मी आईकडे बघितलं. ती हसत नव्हती. रडतही नव्हती. पहिल्या हाकेला तिनं मान वळवून सभागृहाच्या दाराकडे बघितलं होतं. दार बंद होतं.

आमचं घर तळवलीत. वडील भात लावायचे. जमीन नव्या शहरासाठी गेली, मग ते रस्त्यापलीकडच्या एका केमिकल कारखान्यात लोडिंगला लागले. मी अकरावीत असताना, कामावरून घरी येताना, ठाणे-बेलापूर रस्ता ओलांडत असताना टँकरनं त्यांना उडवलं. रस्त्याच्या त्या तुकड्याच्या जागी पूर्वी आमच्या शेताचा बांध होता. प्रेत घरी आणलं. आईनं बघितलं. ते गेले हे तिला माहीत होतं, यात शंका नाही.

तरी दिवेलागणीला भात उतरवला की ती दारात यायची. रस्त्याकडे तोंड करून त्यांना हाक मारायची. एकदाच. मग थांबायची, उत्तराला लागेल तेवढं. मग आत येऊन आम्हाला वाढायची.

मी एकदा विचारलं, "आई, कोनाला हाक मारतेस?"

"ज्याला मारते त्याला ठावं हाय. तू जेव."

गावात यावर कुणी कधी बोललं नाही. समोरच्या ओट्यावर पुरुष पत्ते खेळत बसायचे. आई दारात आली की ते हातातले पत्ते खाली धरायचे आणि गप्प राहायचे. आई आत गेली की डाव पुढं.

कॉलेज लहान होतं. फक्त कला शाखा. एका शाळेच्या वरच्या मजल्यावर भरायचं. मुलं बहुतेक वाशीतल्या नव्या सोसायट्यांमधली, मुंबईहून राहायला आलेल्या नोकरदारांची. खाडीकाठच्या गावांमधले आम्ही थोडे. तळवलीची मुलगी मी एकटी.

मराठीचे सर माझा ण सुधारायचे. मी उभी राहून वाचायला लागले की पहिल्या 'पानी'ला थांबवायचे. "पाणी. ण. बाणातला." मग वर्ग एका सुरात म्हणायचा, "ण." सर हसून हात वर करायचे, पुरे म्हणून. त्यांना राग यायचा नाही. माझ्या भल्यासाठीच करत होते, असं ते सांगायचे आणि मला ते खरं वाटायचं. दीड वर्षात ण सुधारला. घरी तोच ण आला की आई म्हणायची, "बाय, नीट बोल की. तोंडात काय धरलंस?"

एकांकिका शिरीषनं लिहिली होती. दिग्दर्शनही त्याचंच. वडील मोठ्या हुद्द्यावर, घर वाशीत, जन्म दादरचा. दिवाळीनंतर तो म्हणाला, "तुझ्या गावी येतो. जरा अ‍ॅटमॉस्फिअर बघायचंय." मला आनंद झाला. कॉलेजमधलं कुणी आमच्या घरी पहिल्यांदाच येत होतं. मी सकाळपासून ओटी दोनदा सारवली.

आईनं तांदळाच्या भाकऱ्या थापल्या, सुकटीचं कालवण केलं, भात लावला. शिरीष हात धुऊन पाटावर बसला. आई दारात गेली. हाक मारली. थांबली. आत आली आणि त्याला पहिलं वाढलं. तो मागून मागून जेवला. "काकू, एक नंबर!" म्हणाला.

आई खूश. "यो पोर चांगला हाय. लाजत नाय."

मी त्याला स्टॉपवर सोडायला गेले. वाटेत त्यानं विचारलं, "तुझे बाबा कुठं असतात?"

"वारले."

"मग मघाशी आई हाक कुणाला मारत होती?"

"त्यांनाच."

"ओह," तो म्हणाला. मग बस आली.

म्हणजे त्याला माहीत होतं. हे मी नोंदवून ठेवते.

तालमीत ती हाक कधीच झाली नाही. माझ्यासमोर तरी नाही. संमेलनाला आईला मीच आग्रह करून नेलं होतं. मुलगी पडद्यामागे काम करते, एवढंच तिला माहीत होतं. ती लग्नाकार्याचं लुगडं नेसून आली होती.

परतीच्या बसमध्ये ती खिडकीशी बसली. तुर्भे नाका मागं पडला. मग म्हणाली, "पोरीनं हाक चुकवली."

मी तिच्याकडे वळले.

"मारली आनि तोंड फिरवलं. उत्तराला थांबली नाय."

दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला तिनं भात उतरवला. दारात गेली. समोरच्या ओट्यावर पत्ते खाली गेले. आई उभी राहिली. मग आत आली आणि वाढायला बसली. मी दारातून बघितलं. ओट्यावरचे पुरुष पत्ते तसेच खाली धरून बसले होते. बराच वेळ. शेवटी एकानं पत्ते गोळा केले आणि ते उठून गेले. डाव अर्धाच राहिला.

पुढं कित्येक दिवस ती हाक मला नीताच्या आवाजात ऐकू यायची. मी आईचा आवाज आठवायचा प्रयत्न करायचे. तो आला की त्याच्या मागोमाग हसणं यायचं. तेवढंच मोठं, तिथंच सुरू होणारं. आजही येतं. अनोळखी सभागृहात अंधार झाला की मी आधी दार कुठं आहे ते बघून ठेवते.

जानेवारीत सरांनी मला प्राध्यापकांच्या खोलीत बोलावलं. शिरीष आधीच तिथं होता. एकांकिका आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेला जाणार होती.

सर म्हणाले, "बस. एक चांगली बातमी आहे. नीताची हाक थोडी बनावट वाटते. शिरीषचं म्हणणं आहे, नीतानं नुसते ओठ हलवायचे आणि हाक विंगेतून तू द्यायचीस. तुझा आवाज अस्सल आहे."

शिरीष म्हणाला, "सेम टू सेम काकूंसारखा. मी ऐकलाय ना."

मी त्याच्याकडे बघितलं. "तुला मी सांगितलं होतं. वारले म्हणून."

"म्हणून तर नाव नाही ना घेतलं कुणाचं," तो म्हणाला. "आणि एवढं सीरियस काय घेतेस? पब्लिक हसलं म्हणजे लाइन चालली."

सरांनी विचारलं, "काय सांगितलं होतं?" मी सांगितलं. सगळं, थोडक्यात. वडील, रस्ता, भात, दार. सर शिरीषकडे वळले. मला वाटलं, आता ते त्याला बोलतील.

ते म्हणाले, "हे बघ, तुझं दुःख मी समजतो. पण रंगमंचावर गेलं की ते कुणा एकाचं राहत नाही. उलट तुमच्या बोलीला आपण एवढ्या लोकांसमोर नेतोय. तुला अभिमान वाटायला हवा."

तेव्हा मला एक गोष्ट स्वच्छ दिसली. वर्गात माझ्या तोंडातला न चूक होता. नीताच्या तोंडातल्या त्याच न ला टाळ्या होत्या. आता तोच न त्यांना माझ्याकडून परत हवा होता, पण विंगेतून. मी दिसायला नको होते.

मी उठले. दीड वर्षात त्या इमारतीत जे बोलले नव्हते ते बोलले.

"मी हाक नाय मारनार."

सरांच्या तोंडून निघून गेलं, "मारणार. ण."

ते मुद्दाम म्हणाले नाहीत. सवयीनं म्हणाले. शिरीष हसला, तोही सवयीनं.

"नाय मारनार," मी म्हणाले. न वर जोर देऊन.

सरांचा चेहरा बदलला. "मग प्रॉम्प्टिंगलाही दुसरं कुणी बघावं लागेल."

मी संहिता टेबलावर ठेवली आणि बाहेर पडले. पुढच्या तासाला सरांनी मला वाचायला उभं केलं. मी 'पानी' वाचलं. त्यांनी थांबवलं. वर्ग म्हणाला, "ण." मी तो धडा शेवटपर्यंत ण च्या जागी न म्हणत वाचला. एकेका शब्दाला वर्ग ओरडत होता, मग अर्धा वर्ग, मग दोघंतिघं. शेवटच्या परिच्छेदाला कुणी ओरडलं नाही. सरांनी त्यानंतर मला वाचायला सांगितलं नाही. मी पदवी घेईपर्यंत नाही.

एकांकिका स्पर्धेला गेली. हाक नीतानंच मारली. अभिनयाचं बक्षीस तिला मिळालं. सूचनाफलकावर तिचं नाव लागलं होतं.

आई पुढं बरीच वर्षं जगली. दिवेलागणीला दारात जायची, उभी राहायची, आत यायची. हाक तिनं पुन्हा मारली नाही.

मी वर्तमानपत्रात नोकरी केली. माणूस जे बोलला ते जसंच्या तसं द्यायचं, शब्द बदलायचा नाही, असं तिथं शिकवलं गेलं. हा मजकूर ज्यांना पहिल्यांदा दाखवला त्या संपादकांनी समासात पेन्सिलीनं विचारलं आहे : "हाक नेमकी काय होती? शब्द द्यावेत."

बाकी सगळ्यांची वाक्यं इथं जशीच्या तशी दिली आहेत. हाक दिलेली नाही.