भोयरसरांचा ईथर

शाळेच्या स्टाफरूममध्ये दोन गोष्टी न सांगता साचतात, खडूची धूळ आणि किस्से. धूळ शिपाई झाडतो. किस्से कोण झाडणार? पन्नासच्या दशकात मी वर्ध्याच्या एका शाळेत ड्रॉइंग मास्तर होतो, आणि माझ्याकडचे निम्मे किस्से एकट्या भोयरसरांचे आहेत. सर फिजिक्सचे. दरवर्षी पहिल्या तासाला टेबलावर डस्टर आपटून सांगायचे, "विज्ञान म्हणजे सिद्ध झालेलं सत्य. बाकी साऱ्या गप्पा." हे आम्हाला शेजारच्या वर्गातही ऐकू यायचं.

*

सरांचा लाडका विषय म्हणजे ईथर. आवाज हवेतून जातो, लाट पाण्यातून जाते, तर प्रकाशालाही जायला काहीतरी हवंच ना? तो ईथर. दिसत नाही, वजन नाही, पण विश्वभर भरलेला. हा धडा सर असा रंगवायचे की पोरं नाकासमोर हात फिरवून ईथर चाचपायची.

एकदा मला म्हणाले, ईथरचा तक्ता करून द्या. मी विचारलं, रंग कोणता? म्हणाले, रंग नाही. आकार? तोही नाही. मग मी मोठ्या कागदावर फिकट निळ्याचा हात मारला आणि वर ठळक अक्षरांत 'ईथर' लिहून दिलं.

सर बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "हुबेहूब!"

*

तक्त्यावर सगळ्यांत खूश झाले ते संस्कृतचे शास्त्रीबुवा. आमचं आकाशतत्त्व ते हेच, तुम्हाला आत्ता कळलं, असं ते रोज चहाबरोबर ऐकवायचे.

मग नागपूरहून एक नवं पुस्तक आलं. त्यात एक प्रयोग होता. प्रकाशाचे किरण दोन दिशांच्या आरशांकडे धाडले. ईथर असता, तर पृथ्वीच्या धावण्यामुळं एकाला परतायला उशीर व्हायला हवा होता. पण दोन्ही बरोबरच परतले! मग ईथर मानायचा तरी कशाला? त्यात हा प्रयोग झाला होता सरांच्या जन्माआधी.

सर पुस्तक मिटून बसले. "मुंबई, कलकत्ता, दिल्ली, मद्रास, साऱ्या गाड्या वर्ध्याले थांबतात. मंग ही बातमी कुठं अडकली होती?"

शास्त्रीबुवांनी बशीत चहा ओतला. "तुमचं गेलं असेल. आमचं आकाश जागेवर आहे."

"बुवा, तुमचं कधीच चुकत नाई," सर म्हणाले. "तेच तर वांधे आहेत."

*

दुसऱ्या दिवशी सर तक्ता घेऊन आले. मी विचारलं, फाडू का? "फाडता काऊन? चांगला आहे." त्यांनी मला 'ईथर' खोडून तिथं 'पोकळी' लिहायला लावलं. रंगाला हात लावावा लागला नाही.

*

पुढच्या वर्षी पहिल्या तासाला सरांनी डस्टर उचललं, पण आपटलं नाही. सावकाश म्हणाले, विज्ञान म्हणजे आजपर्यंत टिकलेलं. उद्या मोडलं, तर उद्या दुसरं शोधायचं. पोरांचे चेहरे उतरले, कारण जुनं पाठ्यपुस्तक अजून चालूच होतं. एकानं विचारलं, मग परीक्षेत काय लिहायचं?

"पेपरात ईथर आहे, जगात नाई," सर म्हणाले. "पेपरात पेपरातलं लिहा."

*

सरांची निवृत्ती जवळ आली तसं हे त्यांच्या जिवाला लागलं. इतक्या पोरांना आपण नसलेली गोष्ट शिकवली! एका रविवारी त्यांनी सायकल काढली आणि जुने विद्यार्थी गाठून 'ईथर नाही' असं सांगायला निघाले. सोबत मी.

केळझरला देवळासमोर एकाचं नारळाचं दुकान होतं. त्यानं सगळं ऐकून घेतलं. "नाई? चालते सर. नारळ देऊ का?"

बोरगाव मेघेला दुसरा विद्यार्थी होता, आता कारकून. तो तर हात जोडून उभा राहिला. "सर, तुमी आहे म्हनलं तवा होता. आता नाई म्हनता, तर नाई."

परतताना सर सायकल हातात धरून चालत होते. "मास्तर, एकही जण भांडला नाई. मी जन्मभर पोराइले विज्ञान शिकवलं, का आरती पाठ करून घेतली?" मला त्यांचं फार वाईट वाटलं.

*

शेवटचा म्हणून वडनेरला एसटीच्या मोटारनं गेलो. तिथला सुखदेव वर्गात मागं बसायचा, कधी तोंड उघडायचा नाही. आता शेती करत होता. आदल्या वर्षी नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आला होता. घराला नवा चुना दिलेला, कोनाड्यातले देव गेलेले. त्यानं चहा दिला. सरांनी दारात उभ्याउभ्याच सांगून टाकलं आणि त्याची मान हलायची वाट बघत राहिले. आमची परतीची मोटार सुटायला आली होती.

सुखदेवची मान हलली नाही.

"सर, राग नोका मानू. कोनी सांगतलं म्हनून मानाचं, हे आमी सोडलं. आहे म्हनलं तवा पुसलं नाई म्या. आता पुसतो. नाई, हे कशावरून?"

मी म्हणालो, सर, मोटार.

सरांनी चपला काढल्या, आत गेले आणि त्या कोऱ्या पांढऱ्या भिंतीसमोर उभे राहिले.

"सुखदेव, घरात कोळसा आहे का रे?"