चपलांच्या कपाटाशी फिशप्लेट

माझे बाबा रेल्वेत कीमन. हातोडा खांद्यावर टाकून रोज रुळांमधून चालायचं, रूळ धरून ठेवणाऱ्या लोखंडी चाव्या ठोकत जायचं आणि सैल झालेली चावी घट्ट करायची, हे त्यांनी एकतीस वर्षं केलं. नुसत्या ठोक्याच्या आवाजावरून रुळाला कुठे दुखतंय ते त्यांना कळतं. पण त्याच वस्तूचं इंग्रजी नाव विचारलं की तोंडाला कुलूप.

आणि नेमका तसाच नियम निघाला. बढती घेऊन टोळीचा मुकादम व्हायचं तर चित्र बघून रुळावरच्या वस्तूंची इंग्रजी नावं सांगायची. जागा एकच. बाबा नापास झाले तर ती मिळणार होती यादीतल्या दुसऱ्या माणसाला, म्हणजे रेल्वेतच असलेल्या माझ्या नवऱ्याला.

"घरी जावई म्हणून खुर्ची मी द्यायची, कामावर मुकादम म्हणून सलामही मीच ठोकायचा?" बाबा कडाडले.

"मी मामांना हुकूम सोडू?" नवरा मला हळूच म्हणाला. "मग तुझी आई मला चहा तरी देईल का?"

आमचं घर शेजारीच, त्यामुळे त्याचा संध्याकाळचा चहा तिकडेच असतो. भीती अगदी रास्त होती.

बाबांना शिकवायला मी बसले आणि त्यांनाही बसवलं, तिथेच चुकलं. खुर्चीत त्यांच्या डोक्यात काही शिरेना. पालथ्या घड्यावर पाणी! तीन दिवस मी वैतागले, मग एकदा ते येरझाऱ्या घालताना दोन शब्द धडाधड बोलून गेले. मी लगेच घरभर चिठ्ठ्या चिकटवल्या. दाराला लेव्हल क्रॉसिंग, चपलांच्या कपाटाला फिशप्लेट, म्हणजे दोन रूळ जोडणारी पट्टी, टेबलाला रुळांखालचा स्लीपर, फ्रिजला सिग्नल. बाबा हातोडा घेऊन निघायचे, ठोकायचे, नाव घ्यायचे, पुढे जायचे. चौथ्या दिवशी कपाटाचं दार हातात आलं.

"माझ्या ओट्याला डिंक लावलास तर बघ," आई म्हणाली आणि शेवटचा शब्द तिने स्वतःकडे घेतला. बाबा स्वयंपाकघराच्या दाराशी पोचले की कमरेवर एक हात ठेवून ती दुसऱ्या हाताने डाव उगारायची. रूळ संपतो तिथे गाडी अडवणारा अडसर म्हणजे ती. शब्द आल्याशिवाय चहा नाही.

परीक्षेच्या दिवशी मी आणि नवरा बाहेरच्या बाकावर बसलो होतो. दार उघडंच होतं. साहेबांनी पहिलं चित्र दाखवलं. खुर्चीतले बाबा नुसते पाय हलवत राहिले. दुसरं दाखवलं. तरी नाव येईना. नवऱ्याला माझ्यापेक्षा जास्त घाम फुटला होता.

"साहेब, चालत सांगू का?" शेवटी बाबांनी विचारलं.

साहेब चक्रावले, पण हो म्हणाले. बाबांनी चित्रं हातात घेतली, दारावर बोटांनी ठक्क केलं, "लेव्हल क्रॉसिंग!" आणि चित्र तिथे टेकवलं. फायलींचं कपाट, "फिशप्लेट!" साहेबांचं टेबल, "स्लीपर!" पाण्याचं पिंप, "सिग्नल!" सगळी बरोबर. मग समोर भिंत आली, हातात एकच चित्र उरलं आणि बाबा थांबले. ते इकडेतिकडे बघू लागले. काय शोधतायत ते मला कळलं.

शेजारून नवरा उठला. दारात जाऊन उभा राहिला, एक हात कमरेवर ठेवला आणि दुसऱ्या हाताने छत्री उगारली. चेहरा हुबेहूब आईचा. तोंडातून शब्द नाही.

"बफर स्टॉप!" बाबा ओरडले. "आण आता चहा!"

"हे कोण?" साहेबांनी विचारलं.

"यादीत दुसरा मीच, साहेब," नवरा म्हणाला.

साहेबांनी त्याच्याकडे बघितलं, छत्रीकडे बघितलं.

"बोलला तर कोणी नाही," असं म्हणून त्यांनी बाबांना पास केलं.

संध्याकाळी नवरा चहाला गेला. बाबांनी नेहमीसारखी खुर्ची पुढे ओढली.

"बसा, जावईबापू," ते म्हणाले. "आजवर रीत म्हणून देत होतो."