थोरलीच्या अळ्या, धाकटीच्या पेशी

संस्थेत तिला सगळे अळीबाई म्हणत, आणि तिलाही त्याचं काही वाटत नसे. कोबी फस्त करणाऱ्या अळ्या डब्यांत वाढवायच्या, त्यांना विषाणू चारायचा आणि मेल्या की वाटून, गाळून फवारणीचं औषध करायचं, हे तिचं काम. या विषाणूने ती अळी तेवढी मरे. मधमाशीला, माणसाला काही होत नसे. मात्र मेलेली अळी हात लागताच फुटे आणि असा वास सुटे की घरी आल्या आल्या सासूबाई तिला आधी अंघोळीला पिटाळत.

त्याच संस्थेत तिची धाकटी जाऊही नोकरीला लागली. साहेबांकडे शब्दही अळीबाईनेच टाकला होता. धाकटी अळ्यांना शिवतच नसे. पतंगाच्या कोषातून काढलेल्या पेशी ती पिवळसर द्रवात, चपट्या बाटल्यांत वाढवायची. त्यांत विषाणू सोडला की तो आत कसा शिरतो, कसा वाढतो, ते सूक्ष्मदर्शकातून दिसे. ना वास, ना घाण. पाहुणे आले की साहेब अळ्यांच्या खोलीवरून पुढे जात आणि धाकटीच्या दाराशी थांबत. घरी सासूबाई शेजारणीला सांगत, "धाकटी काचेत जीव वाढवते. थोरली काय, किडे पाळते." अळीबाईच्या अंगाचा तिळपापड होई. आपणच आपल्या पायावर धोंडा पाडून घेतला, दोष द्यायचा कुणाला?

मग धाकटीचा बाटलीतला विषाणू अळ्यांवर पारखायची वेळ आली. अळ्यांनी तो पानासकट खाल्ला आणि टुमटुमीत होऊन कोषात गेल्या. अळीबाई रोज झाकणं उघडून बघे आणि चक्क गुणगुणे. साहेबांचं तोंड उतरलं.

कारण धाकटीनेच शोधलं. बाटलीतून बाटलीत नेता नेता विषाणू सुखावला होता. बाहेरच्या उन्हापावसात तग धरायला आणि अळीच्या पोटात उतरायला लागणारं कवच तो करीनासाच झाला होता. पुन्हा मुळापासून सुरुवात करायला हवी होती. ती अळीबाईकडे आली.

"ताई, जुन्या विषाणूने मेलेल्या अळ्या ठेवल्यात का तुम्ही?"

"टाकून दिल्या," अळीबाई म्हणाली. डबी तिच्या पाठीमागच्या फ्रीजरमध्येच होती.

धाकटी मान हलवून निघून गेली. तिने संशयसुद्धा घेतला नाही, हेच अळीबाईला जास्त लागलं. संध्याकाळी धाकटी स्वयंपाकघरात सांगत होती की ताईंचा काही दोष नाही, आपणच आधी विचारायला हवं होतं. सासूबाई तिच्या पाठीवरून हात फिरवत होत्या. अळीबाईच्या पाठीवरून तो हात कधी फिरला नव्हता. हरूनही हिचंच कौतुक होणार असेल, तर त्या हरण्याचा आपल्याला उपयोग काय, असं तिला वाटून गेलं.

दुसऱ्या दिवशी तिने डबी धाकटीच्या टेबलावर आदळली. "सापडल्या."

डबीवर दाट बर्फ साचला होता. धाकटीने बोटाने तो खरवडला, अळीबाईकडे पाहिलं आणि एवढंच विचारलं, "ताई, थोडे दिवस थांबता का? पेशींत हा विषाणू नीट वाढला की दाखवते."

काही दिवसांनी तिने बोलावलं. अळीबाईने सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. फुगलेल्या पेशींच्या आत विषाणूच्या कवचाचे चमकते दाणे खच्चून भरले होते. इतकी वर्षं आपण ज्याचं नुसतं घाणेरडं पाणी निपटलं, ते आतून असं दिसतं, आणि हे हिला रोज बघायला मिळतं, या विचाराने तिच्या पोटात नव्याने दुखलं.

या वेळी अळ्या पटापट मेल्या. अहवालावर दोघींची नावं आली, धाकटीचं वर.

"तुझं वर का?"

"थोरल्यांनी धाकट्यांना सांभाळून घ्यायचं असतं, ताई."

अळीबाईला हसू आलं नाही. पण ती पेशी वाढवायला शिकू लागली. तिच्या बाटल्यांत पुन्हा पुन्हा बुरशी येते, धाकटीच्या बाटल्या नितळ असतात. अळीबाई मुकाट्याने आपल्या बाटल्या धुते आणि शेजारच्या टेबलाकडे डोळ्यांच्या कोपऱ्यातून बघत राहते.