वर्ध्याच्या बाया

विलायतेहून आलेल्या पाहुणीला नागपूरची ती गल्ली पाहायची होती. तिचे आजोबा इंग्रजी अमदानीत तिथं साहेब होते आणि त्यांच्या रोजनिशीत गल्लीतल्या कोरीव लाकडी सज्ज्यांचं आणि गाणाऱ्या बायकांचं चांगलं दोन पानं वर्णन होतं. आजोबा नेमके काय पाहायला गेले होते, हे तिनं कधी विचारलं नव्हतं. मीही विचारलं नाही.

ती महिनाभर वर्ध्यात आमच्या शेजारी उतरली होती, सूतकताई शिकायला. मी कॉन्व्हेंटात शिकलेली, म्हणून दुभाषी म्हणून मला तिच्याबरोबर धाडत. चार लोकांत माझ्या तोंडून मराठी निघत नसे आणि इंग्रजीही निघत नसे, हे कुणी ध्यानात घेतलं नाही. 'म्युझियम पाहायला जातोय,' एवढंच मी घरी सांगितलं. वडील मास्तर होते. मास्तरांची मुलगी कुठल्या गल्लीत दिसली, ही बातमी पॅसेंजरच्या आधी वर्ध्याला पोचली असती.

सकाळी अकराला आमचा टांगा गल्लीच्या तोंडाशी थांबला. पाहुणीनं खादीची साडी आठ पिना लावून नेसली होती. मी पदर इतका पुढं ओढला होता की मला फक्त लोकांचे पाय दिसत होते.

पाहायला तसं काही नव्हतं. सज्जे होते, त्यांवर गोधड्या वाळत होत्या. एक बाई तांदूळ निवडत होती, एक केस वाळवत होती. पाहुणी हिरमुसली.

"गाणं किती वाजता असतं?" तिनं मला विचारलं.

मी कुणालाही न विचारता सांगितलं, "आज सुट्टी आहे."

तेवढ्यात कुणीतरी ओरडलं, "वर्ध्याच्या बाया आल्या वो!" टांगेवाल्यानं सांगितलं असणार. समोरच्या जिन्यावरून चाळिशीची एक बाई लगबगीनं उतरली. "या ना ताई, आत या. किती वाट पाह्यली! मले वाटलं आता तुमी येतच नाई."

आम्हाला सतरंजीवर बसवलं, चहा आला, आणि मागोमाग चापून वेण्या घातलेली तिची दहा वर्षांची मुलगी. मुलीनं टकळी घेतली, कापसाचा पेळू धरला आणि सूत काढायला लागली. बारीक, लांब, एकदाही न तुटता. पाहुणीचा चेहरा खुलला. महिनाभरात तिला वीतभरसुद्धा नीट निघालं नव्हतं. तिनं कॅमेरा काढला.

दारात शेजारणी जमल्या. त्यांतली एक म्हातारी म्हणाली, "मडमले साडी कोनं नेसवली व? साडी कमी, पिनाच जास्त!"

"चूप बस माय," मुलीची आई म्हणाली. "परीक्षा चालू आहे."

परीक्षा म्हटल्यावर मी पदर वर केला. आईनंच सगळं सांगितलं. बापाचं नाव नाही म्हणून दोन शाळांनी मुलीला परत धाडलं होतं. वर्ध्याच्या मुलींच्या शाळेतून पत्र आलं, 'आमच्या समितीच्या बाया येऊन मुलगी पाहतील, मग वसतिगृहात घेऊ.' त्या शाळेत सूतकताई लागते, म्हणून तेव्हापासून पोरगी रोज टकळी घेऊन बसत होती.

मी तेव्हाच बोलायला हवं होतं. मी चहा संपवला. मग कपाकडे पाहत म्हटलं, "आम्ही त्या नाही."

"मंग कोन तुमी?"

"आम्ही नुसत्या पाहायला आलो."

"काय पाहाले?"

मी पदर पुन्हा पुढं ओढला. म्हातारी मात्र खो खो हसली. "इथं लोक तोंड लपवून येतात, ह्या त टांगा करून आल्या!"

"काय म्हणतात?" पाहुणीनं विचारलं.

"चहा आवडला का, विचारतात."

मुलीची आई हसली नाही. आतून तिनं सुताची एक गुंडी आणली आणि माझ्या हातात दिली. "पोरीनं सूत काढलेलं तुमी डोळ्यानं पाह्यलं ना? मंग तेवढं त्या शाळेच्या बाईले सांगजा."

गुंडी तीन दिवस माझ्या पेटीत रुमालांखाली होती. सूत कुणाचं हे सांगायचं तर ते कुठं पाहिलं हेही सांगावं लागणार होतं. चौथ्या दिवशी मी शाळेत गेले. मुख्याध्यापिकाबाईंनी गुंडीतली एक तार उजेडात धरली, ओढून पाहिली.

"एकसारखं आहे. कुणाचं गं?"

मी सांगितलं.

"तू काढताना पाहिलंस? कुठं?"

"त्यांच्या घरी."

बाईंनी चष्मा काढला. "आणि तिथं कशाला गेली होतीस?"

"पाहायला."

त्यांनी चष्मा परत चढवला. मग म्हणाल्या, "आमच्या समितीतल्या दोघींना दोन महिने सांगतेय. एकीची सर्दी हटत नाही, दुसरीचे पाहुणे हलत नाहीत." त्यांनी कपाटातून एक कागद काढला. 'मुलीस समक्ष पाहिले' असं छापलं होतं, त्यापुढची जागा कोरी होती. "कर सही."

मी केली. पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट.

"आता तिला घेऊन यायलाही तूच जा. घर तुझ्याच माहितीचं आहे." बाईंच्या गालात हसू होतं. "वडिलांना मी सांगू?"

"नको, मीच सांगते," मी म्हणाले आणि लगेच पस्तावले. पण तोवर बाईंनी कागदावर शिक्का मारला होता.