नासीरची देवराई

नासीर गेल्याचं त्याच्या बायकोनं, शमीमभाभींनी फोनवर सांगितलं, तेव्हा मी अवसरीच्या घरी चहा गाळत होतो. तो चहा कुणीच प्यायला नाही... त्याला आता काही आठवडे झाले. मंचरच्या कॉलेजात आम्ही बरोबरच लागलो. तो जुन्नरच्या कापडवाल्या घरातला, तत्त्वज्ञान शिकवायचा; मी डोंगरावरच्या आहुप्याचा, वनस्पतिशास्त्र शिकवायचो. सुट्टी लागली की तो माझ्याबरोबर वर यायचा आणि आमच्या देवराईत मन भरेस्तोवर हिंडायचा.

निवृत्तीनंतर मणक्याच्या दुखण्यानं त्याचे पाय गेले आणि आहुपं सुटलं. तेव्हा त्याच्या स्नेहा नावाच्या जुन्या विद्यार्थिनीनं देवराईचे ढीगभर फोटो काढले आणि डोळ्यांवर चढवायच्या हेडसेटमध्ये ती हुबेहूब उभी केली. हातातलं बटण दाबलं की माणूस झाडांमधून चालू लागतो. नासीर रोज सकाळी तिथं जाऊन यायचा. मला ते रुचेना. एकदा म्हणालोच, की हे सगळं खोटं आहे, तू स्वतःला फसवतोयस.

तो चिडला नाही. स्वप्नातलं झाड जाग आल्यावर राहत नाही, दुसऱ्याला दाखवताही येत नाही, असं त्याचं म्हणणं. हे मात्र हेडसेट काढला तरी जागच्या जागी असतं, तुलाही तिथंच सापडेल. सावली देत नाही, कबूल; म्हणजे ते लाकडाचं झाड नव्हे. पण म्हणून ते काहीच नाही, असं कसं म्हणायचं? बोलता बोलता त्यानं हेडसेट माझ्या डोळ्यांवर चढवला. समोर हिरडा होता.

"फांदी ओढली की मोडते," तो म्हणाला. "खोटीच आहे ना? मग मोड."

आमच्याकडं देवराईतली पडलेली काटकीही कुणी चुलीला आणत नाही. माझा हात वर गेला आणि तिथंच राहिला. हेडसेट काढताना वाटलं, आता हा जिंकल्यासारखा हसणार. त्यानं हेडसेट माझ्या हातातून घेऊन मांडीवर ठेवला.

"यानं काही सिद्ध होत नाही रे," मग म्हणाला. "तुझा धाक खरा आहे, एवढंच कळलं. झाडाचं अजून ठरायचंय."

असा होता तो. स्वतःच्या बाजूचा पुरावाही तपासल्याशिवाय घ्यायचा नाही...

परवा जुन्नरला त्याच्या खोलीत गेलो. भाभींनी हेडसेट पुढं केला. आत शिरलो, तर झाडांमधून एक पायवाट ओढ्याकडं उतरत होती. खऱ्या देवराईत अशी वाट नाही. हेडसेट काढून स्नेहाला फोन लावला. माणूस वरचेवर जिथून जाईल तिथला पाचोळा विरळ होत जावा, अशी सोय तिनं करून ठेवली होती. सरांना सांगायचं राहूनच गेलं, म्हणाली. म्हणजे ती वाट नासीरनं पाडली होती, पाय गेल्यावर.

मी पुन्हा आत गेलो. बटण हातात होतं, तरी उठून उभा राहिलो आणि त्या वाटेवर पाऊल टाकलं.

"जपून, भाऊ," शमीमभाभी म्हणाल्या. "पुढं त्यांची खुर्ची हाय."